तांब्याचं जुनं नाणं: आधी रंग वाचा, मग ‘एरर’ म्हणा

“काकू, एरर नाणं मिळालंय,” म्हणत कोणी दारात उभं राहिलं की नाणं हातात घ्यायच्या आधी मी विचारते, “धुतलं नाहीस ना?” बहुतेक जण यावर गप्प बसतात. कोणी चिंच लावलेली असते, कोणी पितांबरी. एका बहाद्दराने तर टूथपेस्टने घासून आणलं होतं आणि वर “आता कसं चमकतंय बघा” असं कौतुकाने सांगितलं.

माझं माहेर पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतलं. पुढे नोकरी केली ती एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये. त्यामुळे तांबं आगीत कसं वागतं ते घरी पाहिलं आणि आम्लात कसं वागतं ते कामावर. नाण्यांचा नाद नंतर लागला. नाण्यावरची प्रत्येक खूण एकतर टाकसाळीच्या आत झालेली असते, नाहीतर बाहेर पडल्यावर. आतली असेल तर ती एरर, बाहेरची असेल तर ते नुकसान. आणि ती कुठली, हे सांगायला पुष्कळदा नाण्याचा रंगच पुढे येतो. म्हणून टोनिंग, म्हणजे काळाने नाण्यावर चढलेला रंग, बघणं आणि एरर शोधणं ही दोन कामं नाहीत. रंग घासून टाकला की एकुलता एक साक्षीदार तुम्हीच घालवलात.

लागणाऱ्या वस्तू

दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. रविवार पेठेत सोनारी हत्यारांच्या दुकानात मिळतं. चाळीसपट दाखवणारी स्वस्त भिंगं येतात, ती घेऊ नका. त्यात नाण्याचा तिळाएवढा तुकडा दिसतो आणि प्रत्येक ओरखडा एरर वाटायला लागतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर, चुंबक, मान वळणारा एक टेबल लॅम्प आणि खाली अंथरायला जाड मऊ कापड. नाणं निसटतंच, आणि शहाबादी फरशीवर कडेवर पडलं तर पडलेला पोचा जन्माचा.

नाणं कडेने धरा, अंगठा आणि तर्जनीत. पोट आणि पाठ दोन्हीला बोट लागता कामा नये. तांबं घाम धरून ठेवतं. आज दिसणार नाही, पण काही महिन्यांनी अंगठ्याचा ठसा तपकिरी रेघांनी उमटलेला दिसेल, आणि तो पुसून जात नाही.

उजेड

खोलीतला वरचा दिवा बंद करा. टेबल लॅम्प नाण्याच्या एका बाजूला, तिरका आणि खाली ठेवा. नाणं हातात धरून सावकाश गोल फिरवा. दिवा हलवायचा नाही, नाणं हलवायचं. असं केलं की उंच भाग, खोल भाग, घासल्याच्या बारीक रेघा सगळं एकामागून एक उजेडात येतं. रंग मात्र दिव्यात ठरवू नका. तो खिडकीशी, दुपारच्या आधीच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही. पिवळ्या बल्बखाली सगळी तांब्याची नाणी देखणी दिसतात आणि विकणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं. मोबाइलचा फोटो तर रंगाच्या बाबतीत मुळीच पुरावा धरू नका.

रंग वाचणं

टाकसाळीतून नुकतं निघालेलं तांबं फिकट नारिंगी-लाल असतं आणि त्याच्या अंगावर एक जिवंत झळाळी असते, जी नाणं फिरवलं की चक्राकार फिरते. हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर क्युप्रस ऑक्साइडचा पातळ थर चढतो, तो लालसर तपकिरी. थर जाड होत गेला की गडद चॉकलेटी. जास्त उष्णता किंवा गंधक मिळालं तर काळा. ओलावा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड बरीच वर्षं लागले की हिरवा. हा हिरवा घट्ट आणि गुळगुळीत असेल तर त्याला हात लावू नका, तो नाण्याची कातडी आहे.

संग्राहक आणि ग्रेडिंगवाले तांब्याचे तीन भाग करतात: रेड, रेड-ब्राउन आणि ब्राउन. पहिल्यात मूळचा लाल जवळजवळ पूर्ण टिकलेला, तिसऱ्यात जवळजवळ गेलेला, दुसरा मधला. आपल्याकडे हाताळलेल्या जुन्या नाण्यात अस्सल रेड मिळणं दुर्मीळच. पण ब्राउन म्हणजे कमअस्सल नव्हे. एकसारखा, तुकतुकीत तपकिरी रंग असलेलं, कधीही न घासलेलं नाणं मी घासलेल्या लाल नाण्यापेक्षा केव्हाही आधी उचलीन.

आता थोडं जवळून. माझ्यासमोर ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ सालचा पाव आणा आहे. एका बाजूला दोन सिंहांनी धरलेली कंपनीची मुद्रा आणि खाली साल, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत ‘वन क्वार्टर आना’. सिंहांच्या छातीवर आणि आयाळीवर झीज आहे, तिथला रंग फिकट तपकिरी, हातांनी पुसला जाऊन थोडा चकचकीत. सपाट मोकळ्या जागेत मध्यम तपकिरी. अक्षरांच्या पायाशी, जिथे बोट पोचत नाही, तिथे गडद, जवळजवळ काळा. आणि वेलीच्या दोन पानांच्या बेचक्यात, भिंगाखालीच दिसेल एवढा, लालसर ठिपका शिल्लक. हा चढता क्रम चलनात फिरलेल्या, कोणी हात न लावलेल्या नाण्याचा: उंचावर फिकट, सखल भागात गडद, अगदी आडोशाला मूळ रंगाची खूण. हा क्रम एकदा डोळ्यांत बसला की त्यातली गडबड लगेच खटकते.

गडबड म्हणजे काय? चिंचेने किंवा लिंबाने धुतलेलं नाणं गुलाबी पडतं. आम्ल ऑक्साइड विरघळवून घेऊन जातं, खालचं उघडं तांबं वर येतं. ते टाकसाळीच्या लालसारखं नारिंगी नसतं, निस्तेज गुलाबी असतं, आणि सगळीकडे सारखं असतं. झिजलेल्या सिंहाच्या छातीवर आणि अक्षराच्या खोबणीत एकच रंग कसा येईल? तो येतो तेव्हा समजायचं की नाण्याची आंघोळ झालेली आहे. भिंगाखाली ‘ओ’ आणि ‘ए’ यांच्या पोटात पांढरट भुकटी अडकलेली दिसली तर ती पावडरच.

पुण्यातल्या जुन्या घरांतून येणाऱ्या नाण्यांत एक खास प्रकार असतो, देव्हाऱ्यातलं नाणं. कलशातलं, टाकांशेजारी ठेवलेलं, दर सणाला राख-चिंचेने घासलेलं. त्याच्या अक्षरांच्या कडा गोल झालेल्या असतात आणि तिरक्या उजेडात एकाच दिशेच्या हजारो केसाएवढ्या रेघा चमकतात. अशा नाण्याला बाजारभाव फारसा नाही. ते घरातच ठेवावं, आजीच्या हातची झीज आहे ती.

उलट फसवणूक म्हणजे घासलेल्या नाण्याला पुन्हा जुनं करणं. दोन रीती आहेत. एक गंधकाची: गंधकाच्या क्षारात बुडवलं की काही मिनिटांत काळपट रंग चढतो. तो एकसुरी असतो, सखल-उंच बघत नाही, आणि मुख्य म्हणजे आधीच्या ओरखड्यांच्या आतही तेवढाच काळा असतो. घासल्याच्या रेघा आणि त्यांच्यावरून सलग गेलेला काळा रंग, ही जोडी दिसली की नाणं खाली ठेवावं. दुसरी रीत गॅसवर धरायची. त्याने जांभळे, निळे, मोरपिशी रंग येतात आणि गिऱ्हाईक भुलतं. खऱ्या टोनिंगमध्येही जांभळट छटा येते, नाही असं नाही. पण तापवलेल्या नाण्याचं एक लक्षण आमच्या आळीतलं पोरही सांगेल: तापवलं की तांबं मऊ पडतं. म्हणून तर मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीचे ठोके घालायचं काम, करताना भांडं मधून मधून भट्टीत घालतात. नाणं ठशाच्या दाबाखाली कडक झालेलं असतं. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच वाजवलं तर थोडा वेळ घुमतं. तापवलेलं नाणं बद्द वाजतं. त्याच जातीचं दुसरं साधं नाणं जवळ ठेवून दोन्हींचा आवाज ताडून बघा, एकट्याच्या आवाजावरून निकाल देऊ नका.

हिरवं कोणतं सोसायचं, कोणतं नाही

घट्ट हिरवा थर सोसायचा, हे वर सांगितलं. दोन हिरवे सोसायचे नाहीत.

पहिला चिकट. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर हिरवट, तेलकट लेप येतो. त्या प्लॅस्टिकमधलं पीव्हीसी हळूहळू विघटित होऊन आम्ल सोडतं. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घ्या, नखांचं रिमूव्हर नव्हे. त्यात नाणं थोडा वेळ बुडवा, बाहेर काढा, न पुसता हवेत वाळू द्या. ॲसिटोन भडकतं, तेव्हा स्वयंपाकघरात नाही, खिडकी उघडी आणि जवळ निरांजनसुद्धा नको. ॲसिटोन तांब्याचा मूळ थर काढत नाही, फक्त तेलकटपणा आणि प्लॅस्टिकचा लेप काढतं.

दुसरा भुसभुशीत. फिक्या पोपटी रंगाची, खडूच्या भुकटीसारखी पूड, ठिपक्या-ठिपक्यांनी. याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. तांब्यात अडकलेलं क्लोराइड ओलावा आणि हवा मिळाली की तांबं खातं, त्यातून पुन्हा आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं. चक्र थांबत नाही. बांबूच्या टूथपिकने पूड हलकेच उकरा. खाली खड्डा असेल तर शंका पक्की धरा. नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा, सिलिका जेलसोबत बंद डबीत ठेवा आणि थोड्या दिवसांनी बघा. पुन्हा पूड आली असेल तर रोग जिवंत आहे. घरगुती उपाय म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवणं आणि पाणी बदलत राहणं, कित्येक आठवडे, मग पूर्ण वाळवून कोरड्या डबीत. नळाचं पाणी चालणार नाही. खडकवासल्याचं पाणी पिण्याला उत्तम, पण शुद्धीकरणात त्यात क्लोरीन घातलेलं असतं, म्हणजे रोग्याला तेच विष वाटीभर पाजल्यासारखं. नाणं खरंच मोलाचं असेल तर संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडे द्या. ते वापरतात ती काही रसायनं घरात ठेवण्याजोगी नाहीत.

आता एरर

आधी शिवराई, कारण पुण्यात सगळ्यात जास्त गोंधळ तिच्याबद्दल. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमाराला सुरू झालेलं हे नाणं पुढे पेशवाईभर निरनिराळ्या टाकसाळींत पडत राहिलं आणि इंग्रजी अमलातही गावोगाव चाललं. ते हाताने, हातोड्याच्या घावाने पाडलेलं आहे. चकती बहुतेक वेळा ठशापेक्षा लहान, त्यामुळे अक्षरं कडेला कापली जाणारच. ठसा एका बाजूला सरकणार, कधी दोन घाव बसून अक्षर दुहेरी दिसणार, चकती चौकोनी किंवा चिरलेली असणार. ‘शिव’च्या जागी ‘सिव’ही सापडतं, कारण ठसा कोरणाऱ्यांची अक्षरं वेगवेगळी होती. यातलं काहीही एरर नाही. “ऑफ सेंटर शिवराई, रेअर” म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जावं. शिवराईत बघायचं ते अक्षरांचं वळण, ठशाचे प्रकार आणि वजन. तो मोठा वेगळा अभ्यास आहे.

एरर हा शब्द शोभतो तो यंत्राने पाडलेल्या नाण्यांना, कारण तिथे प्रत्येक नाणं सारखं निघायला हवं होतं. म्हणजे कंपनीची नाणी, व्हिक्टोरिया, एडवर्ड, दोन्ही जॉर्ज, आणि स्वातंत्र्यानंतरचा घोड्याचा पैसा.

पहिला नियम असा: उठावाची रेघ बहुधा ठशातली, खोल रेघ बहुधा बाहेरची. ठशाला तडा गेला की त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच, वेडीवाकडी रेघ येते. ती अक्षरावरूनही सलग जाते. ओरखडा मात्र धातू खरवडतो, आणि त्याच्या दोन्ही काठांवर सरकलेल्या धातूची बारीक वळी असते. भिंगातून ती वळी दिसली की पुढे चर्चा नको.

‘बहुधा’ म्हटलं ते उगाच नाही. टाकसाळीतल्या काही चुका खोल असतात. ठशात वंगण किंवा मळ साचला की अक्षर अर्धं उठतं किंवा उठतच नाही. धागा, तुसं मध्ये आलं तर त्याची खोल छाप राहते. धातूच्या पत्र्यातच दोष असेल तर खपली निघते. इथे रंगाला विचारायचं. वंगणाने बुजलेल्या अक्षराच्या जागी नाण्याची पृष्ठभूमी अखंड असते, तोच तपकिरी, तोच पोत, फक्त अक्षर मावळलेलं. कोणी अक्षर खरवडलं असेल तर त्या जागी पोत वेगळा आणि रंग एक पायरी फिका किंवा गुलाबी. खपलीच्या खालचा भाग खडबडीत आणि पत्र्याच्या लाटण्याच्या दिशेने रेघारेघांचा असतो. जमिनीत गंजून पडलेले खड्डे गोलसर असतात, त्यांच्या तळाशी हिरवं-काळं साचलेलं असतं.

कापलेल्या कडेचं नाणं पुष्कळ दाखवायला येतं. पत्र्यातून चकत्या पाडताना आधीच्या भोकावर पंच चढला की चकतीला चंद्रकोरीसारखा घास पडतो. खरा घास ओळखायची खूण समोरच्या कडेला असते. घासाच्या बरोबर विरुद्ध बाजूची किनार दबकी, अस्पष्ट निघते, कारण कडा उचलताना तिथे धातूला पुरेसा दाब मिळालेला नसतो. शिवाय घासाजवळची अक्षरं थोडी ताणल्यासारखी, बाहेर वाहिल्यासारखी दिसतात. कातरीने किंवा कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची किनार ठणठणीत असते, अक्षर जिथे कापलं तिथे सरळ तुटतं आणि कापलेल्या कडेवर कानशीच्या समांतर रेघा. कड बघायला विसरू नका. कापलेली कड बाकीच्या कडेपेक्षा फिकी असेल तर कापणाऱ्याने रंग चढवायचाही आळस केलेला आहे.

मला सगळ्यात आवडणारा एरर म्हणजे ब्रॉकेज. आधी पाडलेलं नाणं ठशाला चिकटून बसतं, नवी चकती त्याखाली येते आणि ठशाऐवजी त्या नाण्याचा मार खाते. मग एका बाजूला राणीचा चेहरा नेहमीसारखा, आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोल आणि उलटा, आरशातला. फार सुंदर दिसतो, म्हणून त्याच्या नकलाही निघतात. दोन नाणी पकडीत आवळली की एकाची खोल छाप दुसऱ्यावर उमटते. जुन्या बाजारात एकाने मला असंच एक पुढे केलं. “ताई, ब्रॉकेज आहे, बघा तर.” खोल चेहरा होता खरा. पण त्याच्याखाली मूळच्या अक्षरांचे चपटे अवशेषही होते. चिकटलेल्या नाण्याचा मार बसला असता तर त्या बाजूला मूळचं काही उमटलंच नसतं, कारण त्या बाजूला दुसरा ठसा लागलेलाच नसतो. दुसऱ्या बाजूलाही राणीचं नाक सपाट झालं होतं, पकडीच्या दाबाने. “ब्रॉकेजमध्ये नाक का बसलंय?” म्हटलं तर दुसरं गिऱ्हाईक बघायला गेला.

दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांबद्दल थोडक्यात. ठसाच दुहेरी कोरला गेला असेल तर दोन्ही प्रती गोलाईदार, उठावाच्या, आणि टोकांना फट पडलेल्या. पाडताना ठसा किंचित हलला असेल तर अक्षराच्या शेजारी एक सपाट, खालची पायरी दिसते. या दुसऱ्याला फारशी किंमत नाही. ठसा फिरलेला असेल, म्हणजे एक बाजू सरळ धरून नाणं उलटवल्यावर दुसरी तिरकी, तर त्याच जातीच्या दोन-तीन नाण्यांशी ताडून मगच बोला.

१९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा वेगळा बघावा लागतो. भोक मध्यावर नसेल तर ते खरोखर टाकसाळीतलं असू शकतं. पण कोणी “बिनभोकाचा” पैसा घेऊन आलं तर मध्यावर तिरक्या उजेडात वर्तुळाकार सांधा शोधा. बुजवलेल्या तांब्याचा रंग भोवतालच्या जुन्या रंगाशी जुळवणं भल्याभल्यांना जमत नाही. दोन्ही बाजूंना छापाच असलेल्या नाण्यातही असाच सांधा असतो, किनारीच्या आतल्या बाजूला. जादूगारांसाठी अशी दोन अर्धी जोडतात.

आणि हे एरर नव्हेत: १९११ च्या पाव आण्यावर राजाच्या झग्यातला हत्ती डुकरासारखा दिसतो, तो ठरवून कोरलेला नमुनाच होता. लोकांनी नावं ठेवली म्हणून १९१२ पासून बदलला. ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं लिहून हनुमान किंवा रामदरबार असलेली आण्याची ‘नाणी’ कंपनीने कधी पाडली नाहीत, ती अलीकडची बनावट आहेत. आणि तांदूळ ओढणारं तांब्याचं नाणं, ‘राइस पुलर’, ही निव्वळ लुबाडणूक आहे. तांबं चुंबकालासुद्धा चिकटत नाही, तांदळाला कुठून ओढणार?

वजन

डोळ्यांनी ठरलं की काट्याला विचारा. १८३५ पासूनचा तांब्याचा पाव आणा ६.४८ ग्रॅम, अर्धा आणा १२.९५, पै २.१६. १९०६ मध्ये तांब्याऐवजी ब्रॉन्झ आलं, ९५ टक्के तांबं, बाकी कथील आणि जस्त, आणि पाव आणा ४.८६ ग्रॅमवर आला. हे माहीत नसल्यामुळे एडवर्डच्या काळातला हलका पाव आणा ‘पातळ चकतीचा एरर’ म्हणून विकला जातो. झीज धरून वजन थोडं कमी येणारच, जास्त येणं मात्र संशयास्पद.

आम्लात टाकून पातळ केलेली नाणीही याच नावाने येतात. तिथे व्यासही थोडा घटलेला असतो, अक्षरं बारीक आणि लोण्यासारखी वितळलेली. खऱ्या पातळ चकतीचा व्यास बरोबर असतो. व्हर्नियर त्यासाठीच.

धातूचाच संशय असेल तर काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा. पेल्याच्या तळाला किंवा बाजूला लागू देऊ नका, बुडबुडे चिकटले असतील तर झटका. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. तांब्याला ८.९ च्या आसपास यायला हवं. म्हणजे पूर्ण वजनाच्या पाव आण्याला काटा सुमारे ०.७३ दाखवील. पितळ असेल तर आकडा ०.७६ च्या घरात जातो. फरक लहान आहे, म्हणून तीन-चारदा करा. भुसभुशीत हिरवं असलेल्या नाण्याला हा प्रयोग नको. ओतीव नकली नाणं असेल तर एवढं करायची वेळच येत नाही. भिंगाखाली बुडबुड्यांची बारीक छिद्रं आणि कडेवर फिरलेला सांधा दिसतो.

ठेवायचं कुठे

पुण्यातला उन्हाळा तांब्याला मानवतो, पावसाळा नाही. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्यांकडे लक्ष ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. पीव्हीसीचे अल्बम नकोत, मायलरचे, म्हणजे पॉलिस्टरच्या पातळ पारदर्शक पत्र्याचे, कप्पे घ्या. रबरबँड अजिबात नको, त्यात गंधक असतं आणि नाण्यावर काळी पट्टी उमटते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. सागवानी कपाटाचा खण दिसायला छान, पण लाकडातून आम्लाची वाफ सुटते, बंद खणात ती तांब्याला लागते. तेल लावायचा सल्ला कोणी देईल, खोबरेल तर फारच. तेल कालांतराने आम्लट होतं आणि धूळ धरतं.

शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरातन वस्तू ठरतं आणि ते परदेशी पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे. परदेशातून कोणी ऑनलाइन चढी किंमत देऊ केली तर हे आधी आठवा. जमिनीत पुरलेली नाणी सापडली आणि त्यांची किंमत १० रुपयांहून जास्त असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं.

प्रत्येक नाण्याच्या कप्प्यात आम्लविरहित कागदाची एक चिठ्ठी ठेवा. कुठून घेतलं, किती रुपयांना, कोरडं वजन, व्यास, घेतलं तेव्हाचा रंग, कुठे हिरवं होतं, आणि एरर वाटत असेल तर तो आतला का वाटतो याचं कारण. कारण लिहायला गेलात की निम्मे एरर तिथेच गळतात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्यात पसरते. पुढच्या पावसाळ्यानंतर तीच चिठ्ठी हातात घेऊन नाणं पुन्हा तिरक्या उजेडात फिरवा. हिरवं वाढलेलं असेल तर तारीख घालून खाली लिहा आणि डबी बदला.